बाळ दीड महिन्याचे, परीक्षा तीन आठवड्यांवर

सरकारी रुग्णालयात लसीकरणाच्या दिवशी एक प्रश्न हमखास कानावर येतो. दीड महिन्याच्या बाळाला लस टोचून होते, त्याचे रडणे थांबते आणि मग विशी-बाविशीतली आई परिचारिकेला हळूच विचारते, 'सिस्टर, अंगावरचं दूध कसं तोडायचं? माझी परीक्षा आलीय.' दूध बंद करण्याच्या गोळ्या आहेत का, असेही काही जणी विचारतात. काही वेळा आई बोलतच नाही. सोबत आलेली सासू किंवा आजी परस्पर सांगून टाकते, 'यंदा राहू दे परीक्षा, बाळ लहान आहे.'

ही दोन टोके वेगळी दिसली तरी त्यांच्यामागची समजूत एकच असते. बाळाला अंगावर पाजायचे तर शिक्षण-नोकरी सोडावी लागते आणि शिक्षण-नोकरी टिकवायची तर दूध तोडावे लागते, ही ती समजूत. वैद्यकशास्त्राचा तिला आधार नाही. तरीही या समजुतीपायी दर वर्षी अनेक मुलींचे दुसरे किंवा तिसरे वर्ष सुटते आणि अनेक बाळांचे दूध गरज नसताना दोन महिन्यांतच बंद होते. सुटलेले वर्ष पुढच्या वर्षी भरून काढू, असे घरात ठरते. पण पुढच्या वर्षी बाळ रांगू लागलेले असते, कधी दुसऱ्या बाळाची चाहूल लागलेली असते आणि ते वर्ष कायमचेच सुटते. दुधाचेही तसेच आहे. एकदा पूर्ण आटलेले दूध पुन्हा आणता येते, पण त्याला फार चिकाटी लागते.

दूध नेमके कशाने आटते?

कामाला गेल्याने दूध आटत नाही. ते आटते स्तन रिकामे न झाल्याने. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. स्तनात दूध बराच वेळ साठून राहिले तर 'सध्या एवढ्या दुधाची गरज नाही' असा निरोप दूध तयार करणाऱ्या पेशींना मिळतो आणि त्या आपला वेग कमी करतात. म्हणून सकाळी नऊला बाहेर पडलेली आई संध्याकाळी पाचपर्यंत एकदाही दूध काढणार नसेल, तर काही दिवसांतच दूध कमी होऊ लागते. तिने मध्ये एक-दोनदा दूध काढले तर ते टिकते.

दुसरी गोष्ट रात्रीची. प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री जास्त असते. त्यामुळे दिवसभर बाहेर असणाऱ्या आईने रात्री आणि पहाटे पाजणे चालू ठेवले तर दिवसाची बरीच तूट भरून निघते.

तिसरी गोष्ट मनाची. काळजी, घाई आणि संकोच यांमुळे ऑक्सिटोसिनला अटकाव होतो. दूध असते, पण पान्हा फुटत नाही. महाविद्यालयाच्या स्वच्छतागृहात दाराला पाठ लावून दूध काढू पाहणाऱ्या मुलीला चार थेंबही येत नाहीत आणि आपले दूध गेले असे ती ठरवून टाकते. वास्तविक तिला हवी असते आतून कडी लावता येईल अशी खोली आणि वीस मिनिटे.

एक जुनी समजूतही येथे आड येते. बाहेरून, उन्हातून आलेल्या आईचे दूध 'तापते', म्हणून पहिले दूध पिळून टाकावे, असे अनेक घरांत सांगतात. स्तनातले दूध उन्हाने तापत नाही, नासतही नाही. हात धुवून, घोटभर पाणी पिऊन आईने लगेच बाळाला घ्यावे. दिवसभराच्या विरहानंतरचे ते पाजणे दोघांसाठीही महत्त्वाचे असते.

तयारी दोन-तीन आठवडे आधी

कामावर किंवा वर्गात परतण्याच्या आदल्या रात्री बाटली विकत आणणे ही तयारी नव्हे. तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी. सकाळचे पहिले पाजणे झाले की थोडे दूध हाताने काढून पाहावे. पहिल्या दिवशी जेमतेम दोन चमचे निघतात. आठवडाभरात हात बसतो.

हाताने दूध काढायला यंत्र लागत नाही. हात साबणाने स्वच्छ धुवावेत. उकळून घेतलेली, रुंद तोंडाची स्टीलची वाटी घ्यावी. अंगठा स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या वर आणि तर्जनी खाली ठेवावी. आधी छातीच्या दिशेने हलके मागे दाबावे, मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे आणत दाबावे आणि सोडावे. बोटे कातडीवर घासू नयेत, स्तनाग्र ओढू नये. जागा बदलत सर्व बाजूंनी असे करावे. दोन्ही बाजू मिळून वीस ते तीस मिनिटे लागतात. दुखत असेल तर पद्धत चुकते आहे असे समजावे आणि परिचारिकेकडून पुन्हा शिकून घ्यावे.

सरकारी रुग्णालयांना हे काम नवीन नाही. वेळेआधी जन्मलेली, ओढण्याची ताकद नसलेली बाळे नवजात अतिदक्षता कक्षात असतात तेव्हा त्यांच्या आया रोज असेच दूध काढून देतात. मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली, ती काढलेल्या दुधाच्याच भरवशावर. जे दूध काढून, साठवून इतके नाजूक बाळ जगवता येते, ते दूध धडधाकट बाळाला दुपारी दोन वाजता आजीने पाजले तर काय बिघडणार?

वाटीतले दूध: किती आणि किती वेळ?

एक ते सहा महिन्यांचे बाळ चोवीस तासांत साधारण पाऊण लिटर दूध पिते, म्हणजे तासाला सरासरी तीस मिलिलिटर. आई सहा तास बाहेर राहणार असेल तर दीडशे ते दोनशे मिलिलिटर दूध घरी हवे. हा आकडा ऐकून अनेक आयांना हायसे वाटते, कारण त्यांच्या मनात लिटरभराची भीती असते.

काढलेले दूध झाकून, सावलीत, थंड जागी ठेवले तर चार तासांपर्यंत चालते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र इतका वेळ बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या बाजूला, ते चोवीस तास निर्धास्तपणे ठेवता येते. डब्यावर वेळ लिहावी आणि आधी काढलेले आधी वापरावे. साठवलेल्या दुधावर मलईचा थर वेगळा दिसतो. ते नासण्याचे लक्षण नाही, हलवले की एकजीव होते. दूध गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. वाटी कोमट पाण्यात ठेवावी. बाळाने उष्टे टाकलेले दूध पुन्हा साठवू नये.

पाजायला बाटली नको, वाटी-चमचा किंवा घरातले जुने बोंडले पुरे. बाटली आणि तिचे बूच नीट उकळले नाही तर जुलाब ठरलेले. शिवाय बाटलीची सवय लागलेली काही बाळे पुढे अंगावर ओढायचा कंटाळा करतात. बाळाला टेकवून बसवावे, वाटी ओठांना लावावी आणि त्याला त्याच्या वेगाने पिऊ द्यावे. सुरुवातीला हे काम आजी, मावशी किंवा बाबांनी करावे. आईच्या कुशीत असताना बाळ वाटीकडे ढुंकूनही पाहत नाही.

मुदतीपूर्वी जन्मलेल्या, आजारी किंवा वजन न वाढणाऱ्या बाळांसाठी मात्र हे सारे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. काही आयांना प्रयत्न करूनही पुरेसे दूध काढता येत नाही. अशा वेळी वरचे दूध कोणते, किती आणि कसे द्यायचे हे डॉक्टर सांगतील. त्यात पाणी वाढवून ते पुरवण्याची चूक करू नये आणि आईनेही अपराधी वाटून घेऊ नये. दिवसाचे एखादे पाजणे वरचे झाले म्हणून बाकीची पाजणी बंद करण्याचे कारण नाही.

सहा महिने पूर्ण झाले की बाळाला मऊ भात-वरण, खिमटी, कुस्करलेले केळे सुरू होते. दुपारच्या वेळेचा बराच प्रश्न तेथेच सुटतो. म्हणजे खरी कसरत असते ती पहिल्या सहा महिन्यांची. त्यानंतर दोन वर्षांपर्यंत सकाळ, संध्याकाळ आणि रात्र मिळून पाजणे सहज चालू ठेवता येते.

आईच्या रक्ताचा हिशेब

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील देशातल्या ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. बाळंतपणात रक्त जाते आणि आधीच कमी असलेले हिमोग्लोबिन आणखी खाली येते. अशी मुलगी पुस्तक उघडते तेव्हा अक्षरे डोळ्यांपुढे नाचतात, जिना चढताना धाप लागते, वाचलेले लक्षात राहत नाही. घरचे म्हणतात, 'बाळंतपणानंतर हिचं अभ्यासात लक्षच नाही.' पुष्कळदा हा दोष रक्तातल्या लोहाचा असतो.

प्रसूतीनंतर १८० दिवस रोज लोह आणि फॉलिक ॲसिडची एक गोळी घ्यायची असते. ती सरकारी केंद्रांत मोफत मिळते. कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात, पण दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू जरूर खावेत. गोळीची जागा मात्र ते घेऊ शकत नाहीत. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. सकाळी चहा-बिस्किटावर निघून दुपारी तीनला जेवणाऱ्या मुलीचा हा हिशेब कधीच जमत नाही. डब्यात एक पोळी जास्त, सोबत उसळ, मूठभर शेंगदाणे आणि पाण्याची भरलेली बाटली, एवढी साधी तरतूद औषधाइतकीच मोलाची आहे.

पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहू नये

अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत, ही समजूत अर्धीच खरी आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, पाळी आलेली नसेल आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच पीत असेल, या तिन्ही अटी पाळल्या गेल्या तरच तो आधार भक्कम असतो. आई वर्गाला किंवा कामाला जाऊ लागली की पाजण्यातले अंतर वाढते आणि तिसरी अट मोडते. शिक्षण पुन्हा सुरू केलेल्या मुलीला नेमक्या याच काळात नकळत दिवस राहतात आणि दुसऱ्यांदा सगळे थांबते.

दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर असावे, हे आई आणि बाळ दोघांच्याही तब्येतीसाठी सांगितले जाते. पदवी किंवा नोकरीची पहिली वर्षेही त्यातच बसतात. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत किंवा दीड महिन्यानंतर तांबी बसवता येते. 'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन दीड महिन्यानंतर सुरू करता येते. 'छाया' ही संप्रेरकविरहित गोळी पाजणाऱ्या आईलाही चालते. या तिन्ही सोयी सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. नेहमीच्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या मात्र पाजणाऱ्या आईने पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नयेत. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीचा दिवस हाच आईने हे विचारण्याचा दिवस समजावा. निरोध वापरण्याची जबाबदारी तर बाबांना कधीही घेता येते.

रडू येणे आणि खचून जाणे

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येते, चिडचिड होते. ते दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, बाळ झोपले तरी आपल्याला झोप येईना, आपण वाईट आई आहोत असे सतत वाटू लागले, तर तो आजार आहे. त्याला प्रसूतीपश्चात नैराश्य म्हणतात. भारतातील अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार पाचातल्या साधारण एका आईला ते होते. 'सगळ्याच करतात, तुलाच काय झालं?' हे वाक्य त्यावरचा उपाय नाही. समुपदेशन आणि गरज पडल्यास पाजताना चालतील अशी औषधे उपलब्ध आहेत. 'टेलिमानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

झोपेचा साधा उपाय घरातच आहे. आईला चोवीस तासांतून एकदा तरी सलग चार तास झोप मिळायला हवी. पाजणे आईचे, पण ढेकर काढणे, लंगोट बदलणे, खांद्यावर घेऊन फिरणे यासाठी बाबांचे हात चालतात.

कायदा कोणाला मिळतो?

प्रसूती लाभ कायदा १९६१ चा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे, ही अट आहे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा दुग्धपानासाठी सुट्टी आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर, याही तरतुदी आहेत. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्या कायम आहेत. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. केवळ आईच्या दुधावर राहण्याचा बाळाचा काळ नेमका तेवढाच असतो.

पण ही रजा नोकरदार आईची आहे. विद्यार्थिनी या कायद्यात बसत नाही. तिच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये सर्व विद्यापीठांना पत्र पाठवले आणि पदवी-पदव्युत्तर विद्यार्थिनींना प्रसूती रजा, हजेरीत सवलत व परीक्षा अर्जाच्या मुदतीत सूट देण्याचे नियम करावेत असे कळवले. पीएच.डी. करणाऱ्यांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजेची तरतूद आहे. हे ठाऊक नसल्याने अनेक मुली हजेरी कमी भरल्यावर कार्यालयात जातात. खरे तर सातव्या-आठव्या महिन्यातच प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, त्याला माता-बाल संरक्षण कार्डाची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. प्रसूतीनंतर रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. हजेरीच्या सवलतीसाठी तोच पुरावा असतो.

तासिका तत्त्वावर शिकवणारी तरुणी, अकरा महिन्यांच्या करारावरची परिचारिका, दुकानात काम करणारी मुलगी यांना हक्क असला तरी तो मागण्याची धास्ती वाटते, कारण करार पुन्हा होईल की नाही हे कोणी सांगत नाही. शेतमजूर किंवा ऊसतोड करणाऱ्या आईला तर रजा हा शब्दच लागू नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी मिळणारे पाच हजार रुपये बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणून आहेत. सहा महिन्यांची मजुरी त्यात बसत नाही.

बंद दरवाजे

रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी अंधारात कडा उतरून बाळापाशी पोहोचली, ही कथा महाराष्ट्रात लहानपणापासून सांगितली जाते. एसटी स्थानकांत आणि शासकीय कार्यालयांत स्तनपानासाठी केलेल्या खोल्यांना तिचेच नाव दिले गेले. त्या कथेत तिच्या धैर्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण तिला कडा उतरावा लागला तो गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून. आजच्या तरुण आईकडूनही असेच कडे उतरण्याची अपेक्षा केली जाते आणि ती घसरली की 'जमलं नाही तिला' असे म्हटले जाते.

दरवाजा उघडायला फार काही लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयात कडी लागणारी एक खोली, एक खुर्ची, हात धुवायला बेसिन आणि शिक्षक कक्षातल्या फ्रिजमधला एक कप्पा. वेळापत्रकात वीस मिनिटांची मोकळीक. घरात परीक्षेच्या तीन तासांपुरते बाळ सांभाळणारे कोणी तरी, आणि शक्य असेल तर बाळाला घेऊन परीक्षा केंद्राच्या आवारात थांबणारे.

रुग्णालयांनाही एक काम सहज करता येईल. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी होते. तेव्हा वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनच्या नोंदीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत: शिक्षण किंवा काम पुन्हा कधी सुरू करणार, तेव्हा बाळ कोणाजवळ राहणार आणि दूध काढायला जागा कुठे आहे? पहिल्या दिवशी बहुतेक मुली गप्प राहतील. पण सातव्या महिन्यात विचारलेल्या या प्रश्नांची उत्तरे शोधायला घराच्या हाताशी चार-पाच महिने असतात. दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी उरतात फक्त तीन आठवडे.